एक्झोरातला ईश्वर

नांदेड-लातूरच्या रोपवाटिकांत तांबड्या गुच्छांचं एक झुडूप ‘एक्झोरा’ म्हणून मिळतं. नाव परकं वाटतं, पण विष्णुपुरीचा काळेश्वर आणि लातूरचा सिद्धेश्वर यांच्या नावात जो ‘ईश्वर’ आहे, तोच इथेही आहे. मलबारात ही फुलं देवाला वाहतात. पोर्तुगीज भाषेत ‘एक्स’ या अक्षराचा उच्चार बहुधा ‘श’ होतो. पोर्तुगिजांनी या देवाचं नाव ‘एक्स’ घालून लिहिलं आणि ईश्वर ‘इशोरा’ (Ixora) झाला. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली तेच नाव शास्त्रात पक्कं केलं. पुढे आपण ते इंग्रजी वळणाने वाचलं आणि त्यातला ‘श’ गेला. मला तो हवाच आहे.

कोकणात याला पेंडगूळ म्हणतात, किती गोड नाव! बारीक लांब नळी, टोकाला चार पाकळ्या, अशी कितीतरी फुलं एका गेंदात दाटलेली. याची भावंडं पार जावा-मलायाच्या दमट रानांत वाढतात. त्यांच्यासारखीच यालाही आम्लधर्मी माती लागते. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत मात्र लोह मुळांना मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. म्हणून लावताना खड्ड्यात कुजलेलं शेणखत भरपूर घालावं.