चामखीळ: सुश्रुतापासून बार्शीपर्यंत

मंडळी, बरेच विकांत इथे काही खरडलं नव्हतं. हापिसात रिलीज होती, त्यामुळे शनिवार-रविवारसुद्धा कंपनीच्याच नावावर जमा. असो. आजचा विषय जरा वेगळा आहे. 'अवघड जागचं दुखणं आणि जावई वैद्य' म्हणतात ना, त्यातलाच प्रकार.

झालं असं, की गेल्या महिन्यात दुधनीहून शाळेतल्या मित्राचा फोन आला, तोही रात्री अकरा वाजता. लग्न ठरलंय, तारीख दोन महिन्यांवर. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, "काय करू बे, खाली चामखिळीसारखं आलंय. तीन महिने झाले." घरी सांगायची सोय नाही, गावात प्रत्येकजण ओळखीचा. पायाच्या कुरुपावर लावायचं औषध आणून लावायचा त्याचा विचार चालला होता. आमचं गाव सीमेवरचं, निम्मं बोलणं कन्नडमध्ये चालतं. पण या विषयावर दोन्ही भाषांत सामसूम.

त्याला आधी सांगितलं, ते कुरुपाचं औषध लावू नको, सोलापूरला जाऊन त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. मग सवयीप्रमाणे मी वाचत बसलो, आणि जे सापडलं ते थेट आपल्या जिल्ह्यापर्यंत येऊन पोचलं. तेच आज सांगतोय.

सुरुवात शब्दापासून. 'चामखीळ' हा आपला शब्द संस्कृत 'चर्मकील'पासून आलाय, म्हणजे कातडीतला खिळा. सुश्रुतसंहितेत अर्श म्हणजे मूळव्याधीच्या प्रकरणातच चर्मकील येतो, आणि गुप्तांगावर येणाऱ्या मोडांचंही वर्णन तिथेच आहे. अर्शावर उपाय चार सांगितलेत: औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र. आता आजचे उपचार बघा. लावायचं औषध म्हणजे पोडोफायलोटॉक्सिन किंवा इमिक्विमोड मलम. डॉक्टरच्या हातून लावलं जाणारं ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड (हे आम्ल आहे, क्षार नव्हे, पण काम जाळण्याचंच). विजेने जाळणं. कात्री किंवा ब्लेडने काढणं. यात नवी भर म्हणजे द्रव नायट्रोजनने गोठवणं आणि लेसर. 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' असं मी अजिबात म्हणत नाहीये. मुद्दा एवढाच, की शतकानुशतकं माणूस फक्त मोड काढत राहिला. कारण माहीत नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर मेसेज पुसला, बग तसाच.

कारणाचा शोध फार सावकाश लागला. १९०७ मध्ये इटलीत चुफो नावाच्या डॉक्टरांनी चामखिळीचा अर्क पेशीही अडकतील अशा गाळणीतून गाळला, तरी त्याची लागण झाली. म्हणजे कारण पेशीहून लहान काहीतरी, विषाणू. पण गुप्तांगावरच्या मोडांचं खापर त्यानंतरही बरीच वर्षं अस्वच्छतेवर आणि परम्याच्या स्रावावर फुटत होतं. १९५४ मध्ये अमेरिकेत एक निरीक्षण छापून आलं. कोरियातून परतलेल्या सैनिकांच्या बायकांना, नवरे घरी आल्यावर काही आठवड्यांनी असेच मोड आले होते. संसर्ग लैंगिक संबंधातून होतो हे तिथे स्पष्ट झालं.

मग आले जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझेन. सत्तरच्या दशकात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा संशय हर्पिसच्या विषाणूवर होता. यांना मात्र चामखिळीच्या विषाणूचा, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस ऊर्फ एचपीव्हीचा संशय होता. १९८० मध्ये त्यांच्या गटाने गुप्तांगावरच्या मोडांतून एचपीव्ही ६ वेगळा केला. तो कॅन्सरमध्ये शोधला, तर मिळाला नाही! पण त्याच्या नात्यातले प्रकार शोधता शोधता १९८३ मध्ये एचपीव्ही १६ आणि १९८४ मध्ये १८ सापडला. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. थोडक्यात काय, तर कॅन्सरचा धागा सापडला तो चामखिळीतून, पण गुन्हेगार वेगळे निघाले. मोड उठवणारे बहुतांशी ६ आणि ११ (सुमारे ९० टक्के मोड यांचेच), आणि कॅन्सरला मुख्यतः जबाबदार १६ आणि १८. एकच घराणं, भाऊ वेगळे.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, बार्शी, भूम आणि परांडा तालुक्यांसाठी. त्याच आधारावर १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात एक प्रचंड प्रयोग उभा राहिला. सोबतीला मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काही गटांत एचपीव्ही चाचणी, काहींत पॅप, काहींत व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी, आणि उरलेल्यांत तपासणी नाही.

२००९ मध्ये निकाल आला. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे. म्हणजे धोका जवळपास निम्मा. बाकी दोन पद्धतींनी तिथे मृत्यूंत तेवढी घट दिसली नाही. तपासणी न दिलेल्या गटाबद्दल पुढे टीकाही झाली, 'त्या बायकांचं काय?' म्हणून. हा प्रश्न मलाही टोचतो. ते ६४ आकडे नव्हते, आपल्याच शेजारच्या गावांतल्या आया-मावश्या होत्या. निदान त्यांच्यामुळे जगाला जे कळलं, ते आपल्या गावाला तरी कळायला नको का?

बार्शी इथेच थांबलं नाही. २००९ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांवर एचपीव्ही लसीचा अभ्यास सुरू झाला, त्यात बार्शी आणि पुणेही होतं. २०१० मध्ये सरकारने दुसऱ्या एका प्रकल्पावरच्या वादानंतर अशा अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. त्यामुळे कित्येक मुलींना ठरलेले सगळे डोस मिळालेच नाहीत, काहींना एकच मिळाला. पुढे लक्षात आलं, की १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गाविरुद्ध एका डोसनेही भक्कम संरक्षण मिळतंय. अपघाताने लागलेला हा शोध जगभर एका डोसच्या धोरणाला उपयोगी पडला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक'ला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्यात ६, ११, १६, १८ असे चारही प्रकार आहेत, म्हणजे मोड आणि कॅन्सर दोन्हींवर. मात्र आधीच आलेले मोड लसीने जात नाहीत.

तर मित्राचं काय झालं? डॉक्टरांनी तपासलं (सिफिलिसमध्येही मोडांसारखं काही येतं, म्हणून स्वतः निदान करायचं नसतं), रक्ताच्या चाचण्या केल्या आणि मोड गोठवून काढले. परत येऊ शकतात हेही सांगितलं, कारण उपचार मोडावर असतो, विषाणूवर नाही. बहुतेकांच्या शरीरात तो साधारण दोन वर्षांत आपोआप आटोक्यात येतो. लागण झाल्यापासून मोड दिसायला आठवडे, महिने किंवा त्याहूनही जास्त जातात, त्यामुळे 'कुणाकडून आलं' याचा हिशोब लावणं बहुधा व्यर्थ. कंडोमने धोका कमी होतो, शून्य नाही.

राहिला एकच प्रश्न, त्याने मला तीनदा विचारलेला: "तिला सांगू का?" मी म्हटलं, सांग. हे तिच्याही शरीराचं प्रकरण आहे. तुझे मोड बहुधा कॅन्सरवाले नाहीत, पण तिला लस घ्यायची का आणि तिशीनंतर तपासणी कधी करायची, हे ठरवायचा हक्क तिचा.

पंधरा दिवस त्याचा फोन नाही. मग मागच्या रविवारी आला. म्हणाला, सांगितलं. ती दोन दिवस बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला: डॉक्टरचा नंबर दे, मला माझे प्रश्न विचारायचेत.

लग्नाची तारीख अजून तरी तीच आहे.