सशर्त संभाव्यता आणि बेझचे प्रमेय

एक घटना घडल्याचे ज्ञात असताना दुसरी घटना घडण्याची जी शक्यता, तिला सशर्त संभाव्यता म्हणतात. पाऊस पडत असताना आभाळात ढग असण्याची शक्यता जवळपास पूर्ण असते. पण ढग दिसले म्हणजे पाऊस पडेलच असे नाही. या दोन उलटसुलट शक्यतांना जोडणारा नियम म्हणजे बेझचे प्रमेय. इंग्लंडमधील धर्मोपदेशक थॉमस बेझ यांचे १७६१ मध्ये निधन झाले. त्यानंतर त्यांचे मित्र रिचर्ड प्राइस यांच्या प्रयत्नांमुळे हा निबंध १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे फ्रेंच गणिती लाप्लास यांनी या विचाराला व्यापक रूप दिले.

समजा, १०,००० लोकांपैकी १०० जणांना एखादा आजार आहे. चाचणी रुग्णांपैकी ९० टक्के लोकांना अचूक ओळखते. मात्र निरोगी लोकांपैकी ५ टक्क्यांनाही चुकून आजारी ठरवते. म्हणजे ९० रुग्ण आणि ४९५ निरोगी, अशा ५८५ जणांचा अहवाल 'पॉझिटिव्ह' येईल. त्यांपैकी खरे रुग्ण ९०, म्हणजे सुमारे १५ टक्केच! संगणकावरील एक्सेलच्या तक्त्यात हे आकडे मांडून रुग्णांचे प्रमाण १ टक्क्यावरून १० टक्के केले, की चाचणी तीच असूनही हे उत्तर सुमारे ६७ टक्क्यांवर जाते. आकडे असे बदलत राहिल्यास मूळ प्रमाणाचे महत्त्व सूत्राविनाही उमगते.

या प्रमाणाचे विस्मरण किती महाग पडते, हे इंग्लंडमधील सॅली क्लार्क खटल्यात दिसले. दोन तान्ह्या मुलांच्या मृत्यूप्रकरणी १९९९ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. असे दोन मृत्यू नैसर्गिकरीत्या होण्याची शक्यता ७.३ कोटींत एक असल्याचे न्यायालयात सांगण्यात आले होते. हा आकडा दोन्ही मृत्यू परस्परांशी असंबद्ध मानून, ८,५४३ चा वर्ग करून काढला होता. एकाच कुटुंबात ते गृहीतक टिकत नाही. शिवाय नैसर्गिक मृत्यू दुर्मीळ म्हणजे आई निर्दोष असणेही तितकेच दुर्मीळ, हा निष्कर्ष चुकीचा. कारण आईने दोन मुलांची हत्या करणे हेही अत्यंत दुर्मीळच. तुलना या दोहोंत व्हायला हवी होती. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर आक्षेप घेतला. दडवून ठेवलेला वैद्यकीय अहवाल उजेडात आल्यावर २००३ मध्ये त्यांची सुटका झाली. अपील न्यायालयाने त्या आकडेवारीवरही टीका केली. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुराव्याचे वजन ठरवताना 'मुळात शक्यता किती होती?' हा प्रश्न आधी विचारावा, हेच या प्रमेयाचे सार होय.