लोकर पिंजण्याची विद्या

धनगर समाजाचा इतिहास म्हटला की सुभेदार मल्हारराव होळकर (1693–1766) आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी (1725–1795) यांचे स्मरण प्रथम होते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राच्या अंगावर घोंगडी घातली, त्या हातांच्या विद्येची नोंद मात्र फारशी कोणी केली नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, आखूड व केसाळ असते. एका मेंढीपासून वर्षाकाठी सुमारे अर्धा किलोच मिळते. नदीत मेंढरे धुऊन कातरणी झाली की निवड सुरू होई. कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, सर्वांत मऊ. ती वेगळी ठेवीत. काळी, पांढरी व करडी यांचे ढीग निराळे, कारण घोंगडीचे रंग मेंढीच्या अंगचेच असत. पोटाची व पायांची आखूड लोकर बाजूस काढीत. मग घरातील स्त्रिया बोटांनी गुंता उकलून कुसळे वेचीत. त्यानंतर तात लावलेल्या पिंजणाने लोकर फुलवून तिचे पेळू करीत आणि चातीवर अथवा चरख्यावर सूत काढीत. पुढे खुटेकर धनगर व सनगर विणकर चिंचोक्याची खळ देऊन ते मागावर चढवीत.

येथे एक भेद ध्यानी घेणे अवश्य आहे. इंग्लंडात लांब धाग्याची लोकर तापविलेल्या लोखंडी फण्यांनी विंचरीत. त्यामुळे आखूड तंतू गळून पडत, लांब तंतू समांतर होत व सूत गुळगुळीत निघे. आपली आखूड लोकर अशी विंचरली तर फणीत राहणाराच भाग अधिक! म्हणून आपल्याकडे ती पिंजली जाते. पिंजताना तंतू आडवेतिडवे गुंततात, त्यांत हवा कोंडली जाते आणि वस्त्र उबदार होते. पावसात खोळ करून पांघरलेल्या घोंगडीचे मर्म याच भरड गुंत्यात आहे. साधन गरीब होते म्हणून नव्हे, तर लोकर ओळखली होती म्हणून ही रीत रूढ झाली.

इंग्लंडातील विंचरणाऱ्यांना यंत्राने हटविले. कार्टराइटने 1789 साली विंचरण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. 1825 साली ब्रॅडफर्ड येथे कामगारांनी मोठा संप केला, तोही फसला. आपल्याकडे घाव निराळ्या बाजूने आला. गिरण्यांच्या तलम कापडास परदेशी मेरिनो लोकर लागू लागली, स्वस्त गिरणी ब्लँकेटे खेडोपाडी पोहोचली आणि मेंढी प्रामुख्याने मांसासाठीच पाळली जाऊ लागली. मेंढ्यांच्या विकासासाठी 1978 साली अहिल्यादेवींच्या नावे राज्याचे महामंडळ स्थापन झाले. तरीही आज अनेक ठिकाणी लोकरीच्या विक्रीतून कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही आणि लोकर रानात टाकून द्यावी लागते.

लोकर टाकली तर पुढल्या वर्षी पुन्हा येईल. पण जावळ नुसत्या स्पर्शाने ओळखणारी बोटे गेली की परत यावयाची नाहीत. गावोगावी ज्या वृद्ध माताभगिनींना ही विद्या अवगत आहे, त्यांच्याजवळ बसून समाजातील तरुणांनी ती शब्दांत आणि हातांतही उतरवून घ्यावी. पराक्रमाचा वारसा आपण अभिमानाने सांगतो. कष्टाचा वारसाही तितक्याच अभिमानाने जतन करणे हे आपले कर्तव्य होय.