जुनी स्कूटर फटाके मारते आणि ॲव्हरेजही देत नाही: दोष कुठे शोधायचा?

सेकंडहँड स्कूटर घरी आली की पहिल्या महिन्यात दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. उतारावर रेस सोडली की सायलेन्सरमधून ‘फट् फट्’ आवाज येतो, आणि पन्नासचं ॲव्हरेज सांगून विकलेली गाडी पस्तीसवर अडते. गॅरेजमध्ये नेली की बहुतेक वेळा पहिला हात कार्बोरेटरला लागतो. नेमकं तिथेच गणित चुकतं.

या दोन तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. रेस सोडल्यावर येणारे फटाके बहुधा मिश्रण पातळ असल्याची, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त असल्याची खूण असते. ॲव्हरेज पडणं ही मिश्रण जाड असल्याची खूण. मग एकाच गाडीत दोन्ही कसं? अनेकदा दुसरी तक्रार ही पहिलीवर केलेल्या उपायातून आलेली असते. कुठूनतरी हवा शिरत होती, फटाके वाजत होते. ती गळती न शोधता कोणीतरी मिश्रणाचा स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवलं. आवाज थोडा दबला, गाडी विकली गेली आणि वाढीव पेट्रोलचा खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडला.

पुढची माहिती १०० ते १२५ सीसीच्या, कार्बोरेटर असलेल्या बिनगिअरच्या स्कूटरसाठी आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या स्कूटरमध्ये फ्युएल इंजेक्शन आलं. तुमची गाडी त्यानंतरची असेल तर आधी मीटरवरचा इंजिनाचा दिवा पाहा आणि स्कॅनर लावून घ्या.

आधी ॲव्हरेज खरंच मोजा

‘शंभरचं टाकलं, तीन दिवसांत संपलं’ हे मोजमाप नाही. टाकी झाकणाच्या ठरावीक खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा, दीडशेएक किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरा. १६२ किलोमीटरला साडेचार लिटर बसलं तर ॲव्हरेज ३६. हे दोनदा करा. जुन्या गाडीच्या मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. दहा-वीस किलोमीटरचं अंतर फोनवरच्या नकाशाशी एकदा ताडून पाहा. मीटर कमी दाखवत असेल तर अर्धी तक्रार तिथेच मिटते.

मग गाडी मधल्या स्टँडवर लावा, इंजिन बंद ठेवा आणि दोन्ही चाकं हाताने फिरवून पाहा. ब्रेक घासत असेल तर चाक लगेच थांबतं. ‘ब्रेक कडक करून द्या’ असं सांगून कसलेला ब्रेक आणि हवा कमी असलेले टायर पेट्रोल खातात, आणि त्याचा इंजिनाशी काही संबंध नसतो. रेस दिल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी त्या मानाने पळत नसेल, तर बेल्ट, रोलर किंवा क्लच झिजलेला आहे.

फटाके कुठून येतात?

रेस एकदम सोडली की कार्बोरेटरची झडप मिटते, पण चाकांच्या ओढीने इंजिन वेगात फिरतच राहतं. सिलिंडरमध्ये इतकं थोडं मिश्रण येतं की ते पेटतच नाही आणि तसंच सायलेन्सरमध्ये जातं. सायलेन्सर तापलेला असतोच. तिथे ताजी हवा मिळाली की भडका उडतो. म्हणून आधी विचारायचं ते हे: सायलेन्सरमध्ये हवा कुठून येते?

सगळ्यात नेहमीची जागा म्हणजे सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जिथे जोडला जातो तो सांधा. तिथल्या गॅस्केटभोवती काळी काजळी दिसत असेल किंवा थंड इंजिन सुरू करताना तिथून ‘चफ चफ’ आवाज येत असेल, तर ते गॅस्केट बदला. ही अगदी स्वस्त वस्तू आहे. सायलेन्सर एकदा काढला की जुनं गॅस्केट पुन्हा बसवायचं नसतं, पण घाईत तेच बसवलं जातं. मूळ सायलेन्सर काढून आवाजाचा बसवला असेल, तर फटाक्यांचं कारण वेगळं शोधायची गरज उरत नाही.

दुसरी जागा कमी जणांना माहीत असते. प्रदूषण कमी करण्यासाठी बऱ्याच स्कूटरमध्ये एका झडपेतून सायलेन्सरच्या वाटेवर मुद्दाम हवा सोडलेली असते. रेस सोडल्यावर ही झडप मिटायला हवी. तिची बारीक व्हॅक्यूम नळी तडकली किंवा आतला रबरी पडदा फाटला की ती उघडीच राहते. थंड गाडीत हवेची नळी तात्पुरती बंद करून एक फेरी मारा. फटाके थांबले तर दोष झडपेचा. नळी कायमची बुजवून मात्र ठेवू नका, कारण मग धूर प्रदूषणाच्या मर्यादेबाहेर जातो.

आवाज पुढून, कार्बोरेटरच्या बाजूने येत असेल तर बहुधा जेट तुंबलेला असतो किंवा इनटेक झडप नीट मिटत नसते. रेस देताना, चढावर धक्के देत फटाके येत असतील तर प्लग, प्लगची टोपी आणि कॉइल पाहा.

प्लग काय सांगतो

पाच-सहा किलोमीटर चालवल्यावर इंजिन बंद करा, निवू द्या आणि प्लग काढा. बिस्किटासारखा तपकिरी रंग ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट कोरडं टोक म्हणजे हवा जास्त, तेलकट काळं म्हणजे इंजिनातलं ऑइल वर येतंय.

प्लग काळा असेल तर एअर फिल्टर उजेडात धरून पाहा आणि चोकची केबल खरंच मागे जाते का ते तपासा. ताणलेल्या केबलमुळे चोक अर्धवट लागलेला राहतो. काही स्कूटरमध्ये इंजिनाच्या ओढीने उघडणारा पेट्रोल कॉक असतो. त्याची व्हॅक्यूम नळी काढून पाहा. त्या नळीत पेट्रोल असेल तर कॉकचा पडदा फाटला आहे आणि पेट्रोल कार्बोरेटरला वळसा घालून थेट इंजिनात जातंय. अशा गाडीत कार्बोरेटर कितीही साफ करा, फरक पडणार नाही.

प्लग पांढरा असेल तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर दाबून, वाकवून बघा. वरून धड दिसणाऱ्या रबराला खालच्या बाजूने भेगा असतात. इथे इथेनॉलचाही वाटा आहे. ई-२० पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्के असतं, आणि एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. शिवाय त्यात ऑक्सिजन असतो, त्यामुळे ठरावीक जेट असलेल्या जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण आणखी पातळ होतं. पण ई-१० वरून ई-२० वर गेल्याने ऊर्जा कमी होते ती तीन-साडेतीन टक्के. पन्नासचं ॲव्हरेज पस्तीसवर आलं तर त्याचं खापर एकट्या इथेनॉलवर फोडता येणार नाही.

टॅपेट: आवाज नाही म्हणून ठीक, असं नाही

दोन्ही तक्रारी एकाच वेळी देणारा एक दोष असतो आणि तो गप्प असतो. टॅपेट सैल झाले की टकटक वाजतात, म्हणून मालक गॅरेज गाठतो. घट्ट झाले की आवाज उलट कमी होतो आणि गाडी ‘स्मूद’ वाटते. पण घट्ट टॅपेटमुळे एक्झॉस्ट झडप पुरती मिटत नाही. जळतं मिश्रण सायलेन्सरमध्ये निसटतं, फटाके वाजतात, ताकद कमी होते, आणि तेवढाच वेग ठेवायला तुम्ही रेस जास्त पिळता. गाडी तापल्यावर बंद पडत असेल तर हा संशय पक्का धरा. फट साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरची असते; नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. ती पूर्ण थंड इंजिनवर, फीलर गेजने मोजायची असते. नुसत्या हाताच्या अंदाजाने टॅपेट लावू देऊ नका.

एवढं सगळं झाल्यावर मग कार्बोरेटर. तो साफ करून मिश्रणाचा स्क्रू मॅन्युअलमध्ये दिलेल्या फेऱ्यांवर आणा, कारण आधीच्या कोणीतरी फटाके दाबण्यासाठी तो हलवलेला असण्याची शक्यता मोठी आहे. पीयूसी काढताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन हे दोन्ही आकडे पाहा: पहिला जास्त असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पहिला कमी आणि दुसरा खूप जास्त असेल तर मिश्रण न जळताच बाहेर पडतंय.

टॅपेट बरोबर लावूनही ताकद येत नसेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. ते कमी निघालं तर झडपा किंवा रिंगांचं काम आहे, म्हणजे इंजिन खोलावं लागणार. त्या खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि स्कूटर कितीला घेतली होती तो आकडा त्याच्या शेजारी लिहा.