राखेतून उरलेली वंशावळ

आयर्लंडात खापरपणजोबा शोधणे सोपे नाही. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला. १८२१ ते १८५१ च्या खानेसुमारीची बहुतेक पाने राख झाली. विवाहाच्या सरकारी नोंदी अन्यत्र होत्या, म्हणून वाचल्या. १८६४ पासून कॅथलिकांची लग्नेही त्यांत आली. वधूवर आणि दोघांचे वडील, नाव-धंद्यासकट. एका नोंदीत दोन पिढ्या! आईला मात्र तेथे रकानाच नव्हता. ती उणीव आता डीएनए-चाचणी थोडी भरून काढते. निम्मा वारसा आईचा. म्हणून तिच्या माहेरचे दूरचे आप्तही जुळतात. रक्त नाते सांगते, नाव नाही. त्यासाठी त्या आप्तांच्या घरच्या लग्ननोंदीच धुंडाळाव्या लागतात. कागदाने गाळलेली आई रक्ताने जपली, याचे मला फार समाधान वाटते.