बीसीजी लसीकरण

बीसीजी लसीकरण : क्षयरोगाच्या, विशेषतः अर्भके व बालके यांना होणाऱ्या त्याच्या घातक प्रकारांच्या, प्रतिबंधाकरिता जिवंत परंतु क्षीणबल केलेल्या जंतूंची लस टोचण्याची पद्धती. ‘बॅसिलस काल्मेत-गेरँ’ या नावाच्या आद्याक्षरांवरून लसीस हे नाव मिळाले.

उगम : रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयरोगाचा जंतू शोधला, तथापि रोगप्रतिबंधक उपाय हाती येण्यास पुढे सु. चाळीस वर्षे लागली. फ्रान्समधील लील येथील पाश्चर संस्थेत आल्बेअर काल्मेत व कामीय गेरँ यांनी १९०८ पासून गाईंतील क्षयजंतूंचे ग्लिसरीन, पित्त व बटाटा यांच्या माध्यमावर पुनःपुन्हा संवर्धन केले. तेरा वर्षांत सु. २३० संवर्धने झाल्यावर जंतूंची रोगकारकता नाहीशी झाली, पण प्रतिकारशक्ती उत्पन्न करण्याचा त्यांचा गुण टिकून राहिला. १९२१ मध्ये पॅरिस येथे एका नवजात अर्भकास ही लस प्रथम तोंडावाटे देण्यात आली. त्याची माता क्षयाने मरण पावली होती. १९३० मध्ये जर्मनीतील ल्यूबेक येथे लस दिलेल्या सु. २५० अर्भकांपैकी सत्तराहून अधिक दगावली. प्रयोगशाळेत लसीमध्ये रोगकारक जंतू मिसळले गेल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. लस निर्दोष ठरली, परंतु लोकांच्या मनातील भीती दीर्घकाळ टिकली. लस त्वचेत टोचण्याची पद्धती स्वीडनमधील आर्व्हिड वालग्रेन यांनी रूढ केली.

भारतातील मोहीम : बालकांस लस टोचण्याची प्रथा महाराष्ट्रास नवी नव्हती. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली; भारतातील ती पहिली यशस्वी लस होय. क्षयावर मात्र विश्रांती, सकस आहार व मोकळी हवा यांवरच भिस्त असे. पाचगणी येथील बेल-एअर व मिरजेजवळील वॉनलेस ही आरोग्यधामे याच हेतूने उभी राहिली. आरोग्यधामातील खाटा मोजक्या आणि रुग्ण असंख्य, अशी स्थिती असल्याने प्रतिबंधाचे महत्त्व वाढले.

१९४८ मध्ये मद्रासमधील गिंडी येथे बीसीजी प्रयोगशाळा सुरू झाली. त्यानंतर युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने देशव्यापी मोहीम हाती घेण्यात आली. याच सुमारास, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले व हिरण्यकेशीकाठच्या गडहिंग्लजसारख्या भागांचे आरोग्यप्रशासन राज्याकडे आले. मोहिमेच्या पद्धतीत प्रथम ट्युबरक्युलीन कसोटी घेत, तीन दिवसांनी ती पाहत आणि जंतुसंसर्ग न आढळलेल्यांनाच लस टोचत. पेरणी-कापणीच्या दिवसांत दुसऱ्या वेळी बालके परत आणणे ग्रामीण कुटुंबांना अवघड जाई. पुढे १९६० नंतरच्या दशकात कसोटीशिवाय सरळ लस टोचण्यास प्रारंभ झाला.

मोहिमेस विरोधही झाला. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी १९५५ मध्ये लसीच्या सुरक्षिततेबद्दल व उपयुक्ततेबद्दल जाहीर शंका घेतली. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांनी मोहिमेचे समर्थन केले. निरोगी बालकाच्या शरीरात जिवंत जंतू घालण्याचा अधिकार शासनास किती, हा या वादाचा गाभा होता.

चिंगलपेट चाचणी : वादाचा निकाल शास्त्रीय पुराव्याने लावण्यासाठी १९६८ मध्ये तमिळनाडूतील चिंगलपेट जिल्ह्यात सु. २,६०,००० व्यक्तींवर चाचणी सुरू झाली. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालानुसार फुप्फुसाच्या क्षयापासून लसीने संरक्षण मिळाल्याचे आढळले नाही. हा निष्कर्ष धक्कादायक होता. मात्र अर्भकांतील क्षयाविषयीचा निर्णय त्यावरून करता येत नव्हता. मस्तिष्कावरणशोथ व सर्वांगात पसरणारा क्षय या बालकांच्या प्राणघातक प्रकारांपासून लस चांगले संरक्षण देते, असे अन्यत्र केलेल्या अभ्यासांतून दिसून आले. परिणामी लसीचे उद्दिष्ट बदलले. समाजातील रोगप्रसार थांबवण्याचे काम रुग्ण शोधून त्यांना औषधोपचार देण्यावर सोपवण्यात आले, आणि लस अर्भकांच्या रक्षणासाठी राखण्यात आली.

सद्यस्थिती : १९७८ च्या विस्तारित व १९८५ च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमांत बीसीजीचा समावेश झाला. जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, व तसे न जमल्यास वर्षाच्या आत, डाव्या दंडावर ती त्वचेत टोचतात. पहिल्या महिन्यापर्यंत मात्रा ०·०५ मिलि. व त्यानंतर ०·१ मिलि. असते. काही आठवड्यांनी तेथे लहानशी गाठ येते, ती फुटते व व्रण राहतो. ही क्रिया स्वाभाविक असून त्यावर औषध लावू नये. लसीची भुकटी द्रवात मिसळल्यावर चार तासांच्या आत वापरावी लागते. म्हणून लहान गावांत ठराविक वारी बालके एकत्र आणून लस देणे सोयीचे पडते. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट (स्थापना १९६६) येथेही लसीचे उत्पादन होते. २००८ मध्ये गिंडी येथील प्रयोगशाळेचा उत्पादन-परवाना स्थगित झाला, तेव्हा बालकांच्या लसीसाठी सार्वजनिक उत्पादनक्षमता किती आवश्यक आहे, हा प्रश्न पुढे आला.

दंडावरील हा व्रण क्षयापासून आजन्म संरक्षणाची हमी नव्हे. घरात कोणास दीर्घकाळ खोकला असल्यास बालकाची तपासणी करून घेणे व रुग्णाचा उपचार पूर्ण करणे, हाच लसीला आवश्यक असा दुसरा आधार होय.