सांडवा आणि त्याचा राखणदार

१९१८ सालच्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच डोंगरमाथ्यावर विमानाचे एक एंजिन मालमोटारीवर लादून नेण्यात आले. लिबर्टी जातीचे हे एंजिन समुद्रसपाटीवर ३५० अश्वशक्तीचे. पण वरच्या विरळ हवेत त्याचे बळ २३० पर्यंत उतरले. मग सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने आपले यंत्र त्यास जोडले आणि त्याच माथ्यावर ३५६ अश्वशक्ती मिळाली. वाया जाणाऱ्या तप्त धुराने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून एंजिनात कोंबायची, ही कल्पना मात्र मॉसची नव्हे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ मध्येच तिचे पेटंट घेतले होते.

ही कथा बहुधा येथेच टाळ्यांच्या गजरात संपते. आम्हांला तिच्या पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. या यंत्राला आपले पोट भरले हे कळतच नाही. हवा वाढली की इंधन वाढते, इंधन वाढले की धूर वाढतो, आणि धूर वाढला की चक्र आणखी जोराने फिरून आणखी हवा कोंबते. अखेर नळकांड्यातले मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटते, एंजिन ठकठकू लागते, आणि दुर्लक्ष केले तर दट्ट्याला भोक पडते.

यावर उपाय म्हणजे धरणाला असतो तसा सांडवा. धुराच्या वाटेवर एक झडप ठेवायची. दाब पुरेसा झाला की ती उघडून जादा धूर चक्राला वळसा घालून परस्पर बाहेर सोडायचा. पण सांडव्यावर राखणदार कोण? प्रथम हे काम वैमानिकाच्या हाती होते. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या चार एंजिनांच्या बाँबफेकी विमानात ते तेलाच्या दाबावर चालणाऱ्या नियंत्रकांकडे गेले. उंचावरच्या कडाक्याच्या थंडीत हे तेल घट्ट होई, आणि वर शत्रूची विमाने घोंगावत असता एखादे एंजिन ऐन वेळी सुस्तावे वा भडकावे! पुढे विजेवर चालणारा नियंत्रक आला आणि चारही एंजिनांचा दाब एकाच चकतीने ठरू लागला.

मोटारीत हे यंत्र आले ते १९६२ मध्ये. शेव्हरोले कॉर्व्हेअरला सांडवाच नव्हता. धुराच्या वाटेतल्या अडथळ्यानेच तिचा दाब आवरला जाई. ऑल्डस्मोबिल जेटफायरची गोष्ट अधिक बोधक आहे. साडेतीन लिटरचे, २१५ अश्वशक्तीचे एंजिन. त्याचे दाबगुणोत्तर मुळातच १०.२५, आणि त्यावर टर्बोचा दाब. ठकठक होऊ नये म्हणून पाणी व मेथिल अल्कोहोल यांचे मिश्रण हवेबरोबर आत सोडीत. त्याची टाकी मालकाने वेळोवेळी भरायची. ती रिकामी झाली की एक झडप हवेची वाट आखडून धरी. एंजिन वाचे, पण गाडीचा जोर जाई. मालक टाकी भरण्यास विसरत आणि गाडी मंदावली म्हणून तक्रार करीत. अखेर १९६५ मध्ये कंपनीने टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवून देऊ केला. याचा दोष गिऱ्हाइकांच्या माथी मारण्याची रीत आहे. आम्हांला ती मान्य नाही. घरोघरच्या मोटारीला वैमानिक कोठून मिळणार?

हा प्रश्न नीट ओळखला तो स्वीडनमध्ये. साब कंपनीने १९७७ साली दोन लिटरची १४५ अश्वशक्तीची ‘९९ टर्बो’ पुढे आणली. पेर गिलब्रांड हे तिच्या एंजिनामागचे अभियंते. रोजच्या रस्त्यावर, कमी वेगातच दाब मिळावा आणि पुढे तो सांडव्याने रोखावा, असा तिचा बेत. तेथे राखणदार होता तो एक पडदा व एक स्प्रिंग. स्प्रिंग एकदा आवळली की पेट्रोल चांगले असो वा हलके, मर्यादा तीच. म्हणून ती नेहमी भीतभीतच ठरवावी लागे.

१९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत गिलब्रांड यांच्या चमूने एंजिनाच्या अंगावर एक संवेदक बसवला. ठकठकीचा पहिला कंप त्याला जाणवला की विजेची छोटी झडप हलून सांडवा उघडे आणि दाब उतरे; ठकठक थांबली की दाब पुन्हा हळूहळू चढे. हलके पेट्रोल भरणाऱ्या मालकाला जोर थोडा कमी मिळे, एवढेच. दट्ट्या शाबूत राही, आणि कोणती टाकी भरायची राहिली हे आठवीत बसण्याची पाळी त्याच्यावर येत नसे.